जाईबाईच्या गळ्यातला हार

लिहून ठेवणार बब्रुवान लिंबाजी हाजगुडे, धंदा पेंटर, राहणार उस्मानाबाद. डोकं जाग्यावर हाय. कुणी दाब दिला न्हाय. बायको-लेकरं न्हाईत, म्हणून लिहितो.

शिडी, ब्रश, रंगाचे डबे शेजारच्या हॉटेलवाल्या बंडप्पाला. निदान आपली पाटी तरी रंगवंल.

दूध संस्थेच्या भिंतीवरची गाय माझी. बहात्तरच्या दुष्काळात काढली. चेअरमन म्हणले, "जरा गुबगुबीत काढ." काढली. खालून हाडकी जनावरं छावणीला चालली होती. ती गाय पुसायची तर खुशाल पुसा.

बाप मोंढ्यात हमाल. आमच्या गल्लीत कुणाच्या घरात चित्र नव्हतं. बापासंगं आडत्याच्या बैठकीत गेलो तवा पहिल्यांदा बघितली. भिंतीवर सगळी मेलेली माणसं, हार घातलेली. म्या समजलो, चित्र मेल्यावरच काढत्यात. आईबी तसंच समजायची. पेंटर झाल्यावर म्हणलो, "आई, बस, तुजं चित्र काढतो." म्हणली, "आत्ताच मारतूस व्हय रं मला?" परत इचारलं न्हाय.

बहात्तरच्याच दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. उन्हात पडली, तिथंच गेली. फोटो न्हाय. मेलेल्याचा फोटो नसला की त्याच्या भावा-बहिणीला, लेकराला समोर बसवून काढायचं, वरून सुरकुत्या घालायच्या, केस पांढरे करायचे. गावाची लई चित्रं म्या तशी केली. आईसाठी माझ्या बहिणीला, जाईबाईला बसवलं. चित्रात चेहरा जाईबाईचाच उतरला.

धाकट्या भावानं, उत्तरेश्वरनं ते त्याच्या खोलीत लावलं, हार घातला. दिवाळीला जाईबाई आली.

"उत्तरेश्वर, ह्यो हार माझ्या गळ्यात हाय. काढ."

"अक्का, आईचा हार काढू व्हय?"

ती ताटावरनं उठली. तवापसून माहेरी पाय न्हाय. आता केस पिकलेत, हुबेहूब चित्रासारखी दिसती म्हणत्यात.

बंडप्पा म्हणतोय, "पेंटर, एवढं रडगाणं मृत्युपत्रात न्हाय लिहीत." म्हणलं, रडतंय कोण?

घर उत्तरेश्वरला. पण आधी हार काढायचा, चित्र उतरवायचं, स्वता नेऊन जाईबाईच्या हातात द्यायचं. ती ठेवंल न्हायतर चुलीत घालंल, तिची मर्जी. न्हाय दिलं तर घरबी जाईबाईचं.

फोटो माझाबी न्हाय. माझ्यामागं माझ्या चित्रासाठी उत्तरेश्वरला कुणा पेंटरम्होरं बसवू नका. भिंतीला चुना मारा.

सही: ब. लिं. हाजगुडे
समक्ष बघणारे: बंडप्पा कोरे, हॉटेलवाले, तात्याराव मगर, सेक्रेटरी, दूध संस्था
उस्मानाबाद, ९ मे १९८६