शांत कोपरा

४ जानेवारी, सोमवार
रक्तदाब पुन्हा वर. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली नाही, गृहपाठ दिला — रोज दहा मिनिटं एका जागी बसायचं, समोर दिसेल ते बघायचं, जमलं तर चित्र काढायचं. म्हटलं, दिवसभर बर्फच बघते हो मी. म्हणाल्या, बघत नाही, त्याच्यावरून गाडी फिरवता.

खरंय. अकरा वर्षं बर्फावरच्या हॉकीच्या या बंदिस्त मैदानात बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवतेय. स्केटचे ओरखडे पुसणं हेच माझं काम. आज पहिल्यांदा पुसायच्या आधी ते वहीत उतरवले. मजा आली.

६ जानेवारी
जागा सापडली. गोलच्या मागे, बाकाच्या टोकाला. खेळातली रबरी चकती काचेवर आपटली की बाक हादरतो, तेही आवडतं. समोर गोलमध्ये लेक. सोळा वर्षांची. टीममध्ये तिला सगळ्या ‘भिंत’ म्हणतात. घरी कप विसळायला सांगा, भिंत लगेच खचते.

एकच कटकट — डोक्यावर आतली हवा बाहेर फेकणारा पंखा. सतत घरघर. बंद केला तर जाळीतून गार वारा मानेवर.

७ जानेवारी
पंखा बंद केला. जाळीत घरची जुनी चादर कोंबली, निळ्या फुलांची. दहा मिनिटांपुरती. काय शांतता!

११ जानेवारी
चादर काढायची राहूनच जाते. राहू दे. कोपरा उबदार झालाय, पोरींना खेळ शिकवणारे मास्तरसुद्धा शिट्टी गळ्यात अडकवून इथेच टेकतात.

गाडी धूर सोडते जरा. स्केटला धार लावणारे काका म्हणाले, “ताई, तुमची म्हातारी खोकायला लागली.” म्हटलं, “खोकते, पण तुमच्यापेक्षा जास्त काम करते.” ऑफिसात सांगितलंय. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.

१४ जानेवारी
पोरींचे गाल आज कसे लालबुंद. लाल खडू संपत आला. बसलं की मन हलकं होतं, दहाची पंचवीस मिनिटं कधी झाली कळलंच नाही. उठताना डोकं ठणकलं.

१५ जानेवारी
छताच्या लोखंडावर बसणारं कबुतर बाकाखाली मरून पडलेलं. टाकायच्या आधी चित्र काढलं. मानेवरचा राखाडी रंग छान जमला.

१८ जानेवारी
काल सुट्टी, मी नि लेक घरी ठणठणीत. आज पुन्हा दोघींचं डोकं. लेकीला मळमळतंय. मास्तर म्हणाले, शनिवारच्या सामन्याची धास्ती, दुसरं काय. मलाही तेच वाटलं. तिला म्हटलं, चल माझ्या कोपऱ्यात, डोळे मीट, श्वास मोज. एरवी माझं एक ऐकत नाही, आज मुकाट्याने खांद्यावर डोकं टेकून बसली. वीस मिनिटं. किती दिवसांनी अशी बसली! मी हललेसुद्धा नाही.

२१ जानेवारी
रेघ सरळ येत नाही. गोलची चौकट काढली तर दारू प्यायल्यासारखी झुकलेली. काका दोन दिवस आले नाहीत, चक्कर येते म्हणे. वय झालं सगळ्यांचं.

२३ जानेवारी, शनिवार
दवाखान्यात लिहितेय.

शेवटचा डाव. मी नुकतीच गाडी फिरवून कोपऱ्यात बसले होते. साधा फटका, तोही लांबून. लेक हललीच नाही. चकती आत गेली. मग ती गुडघ्यांवर आली, मग आडवी झाली. तिला काहीच लागलं नव्हतं. कशी धावले आठवत नाही. काखेत धरून फरफटत दाराबाहेर आणली. मागे बघते तर आणखी दोघी काचेला टेकून खाली सरकत होत्या.

२४ जानेवारी
त्या दोघी घरी गेल्या. माझी नाही उठली. नाकाला ऑक्सिजन.

डॉक्टर म्हणाले, गाडीच्या धुरातला विषारी वायू. वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते. बरंसुद्धा वाटतं. मग त्यांनी विचारलं, “पण धूर कोंडला कसा? पंखा असेल ना तिथं?”

मास्तर म्हणाले, आहे की.

मी वही पिशवीत तळाशी घातली.

२५ जानेवारी
पहाटे डोळे उघडले तिने. पाणी मागितलं. येईल तो म्हणतोय, आईने वेळेवर बाहेर काढली म्हणून पोर वाचली. दुपारी पंखा दुरुस्त करणारा दवाखान्यात आला, जाळीत हे सापडलं, कुणाचं आहे विचारत. लेकीने ते निळ्या फुलांचं कापड हातात घेऊन उलटसुलट केलं. “आई, ही आपली ना?”

हो म्हटलं.