तिसऱ्या गिअरचा चढ

२ फेब्रुवारी

आजपासून रोज नोंद ठेवायची. विषय: पिकअप. भावनिक वगैरे काही लिहायचं नाही. मी त्यातली नाही.

वस्तुस्थिती. पिकअप, डिझेल, टर्बो इंजिन, वय बावीस. मालक हे. जूनपासून मी, कारण हे गेले. न सांगता गेले. कुठेही जाताना सांगायचं नाही ही सवय जुनीच.

धंदा: पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार भरायचे आणि पोचवायचे. टेकडीवरच्या रुग्णालयाला रोज सकाळी नऊच्या आत चाळीस जार लागतात. हे गेल्यापासून भावजींनी, म्हणजे यांच्या धाकट्या भावाने, भाड्याचा टेम्पो लावून ते काम टिकवलंय. मी नोव्हेंबरात लायसन्स काढलं. सपाटीवरची गिऱ्हाइकं मीच करते.

आज भावजी आले. म्हणाले, वहिनी, ही पिकअप विकून टाकू, गिऱ्हाईक तयार आहे. छोटी नवी गाडी घ्या, ड्रायव्हर ठेवा. मी नाही म्हटलं. कारण निव्वळ व्यावहारिक आहे. इंजिन चांगलं आहे.

म्हणाले, चांगलं आहे तर शेवटी शेवटी दादा चाळीस जार दोन खेपांत का न्यायचा? चढावर तिला दम लागतो, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

मी म्हटलं, अठ्ठावीस तारखेला एका खेपेत चाळीस जार वर नेऊन दाखवते. तिसऱ्या गिअरमध्ये. नाही नेले तर किल्ली तुमच्या हातात.

तिसरा गिअर कुणी मागितला नव्हता. तोंडातून निघून गेला.

३ फेब्रुवारी

वाचनालयातून डिझेल इंजिनाचं जाडं पुस्तक आणलं. तिथल्या बाई म्हणाल्या, तुमच्या नावावर आधीच दोन कादंबऱ्या आहेत. म्हटलं, असू द्या, ही तिसरी. शाळा सातवीला सुटली, पण वाचन सुटलं नाही. माणूस वाचून काय वाटेल ते करू शकतो.

पहिलं प्रकरण ‘प्राथमिक तपासणी’. चाळलं आणि सोडलं. ते नवशिक्यांसाठी आहे. थेट सातव्याला हात घातला. ‘टर्बो’.

टर्बो म्हणजे काय ते अर्ध्या तासात कळलं. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो आत जादा हवा ढकलतो. वाया जाणाऱ्या गोष्टीतून काम काढायचं. हे मी संसारात तीस वर्षं केलं. मला कुणी टर्बो म्हटलं नाही.

५ फेब्रुवारी

पहिला उपाय, हवा. हवेचा फिल्टर चोंदला तर इंजिन गुदमरतं. उघडला. काळाकुट्ट. साबणाच्या पाण्यात भिजवला, घासला, दोरीवर वाळत घातला.

फिल्टर कागदाचा असतो असं आठव्या प्रकरणात आहे. मी सातव्यात होते.

नवा आणला.

७ फेब्रुवारी

मिस्तरींकडे गेले. यांचे जुने मेकॅनिक. बॉनेट उघडलं, हाताने, इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपावरचा लिव्हर खेचला. इंजिन असं डरकाळलं की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. मिस्तरी म्हणाले, ताई, इंजिन ठणठणीत आहे. साहेबांनाही मी हेच सांगायचो. ते नुसते हसायचे.

माणूस जुना झाला की नजर जाते. मिस्तरींबद्दल बोलते आहे.

म्हणाले, मी एक चक्कर मारून बघतो. मी म्हटलं, तुम्ही शेजारी बसा, चालवेन मी. विम्याच्या कागदावर माझं नाव आहे. पुढच्या वळणापर्यंत गेलो. मिस्तरी म्हणाले, ताई, तुम्ही भिताय. ॲक्सिलरेटर दाबत नाही आहात. मी म्हटलं, पूर्ण दाबलाय, खाली टेकलाय. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गाडी तीस वर्षं चालवणाऱ्या पुरुषाला बाईचा पाय खाली टेकलेला पटत नाही.

पुन्हा म्हणाले, एकदा मला बसू द्या. म्हटलं, नको.

ड्रायव्हरची सीट यांच्या उंचीला लावलेली आहे. तिची पट्टी गंजलीय, सरकत नाही. मी पाठीमागे दोन उशा घेते. पायाखालची रबरी मॅट धुवायची नाही, धुतल्यावर रबराला चिरा पडतात. आठवण वगैरे काही नाही. वस्तू जशा आहेत तशा टिकतात, एवढंच.

१० फेब्रुवारी

दुसरा उपाय, हवेची गळती. टर्बोपासून निघणाऱ्या पाइपांवर साबणाचा फेस लावायचा, इंजिन चालू ठेवायचं, बुडबुडे आले तिथे गळती. शास्त्रशुद्ध. एका क्लॅम्पपाशी बुडबुडा आला. आवळला. विजय.

चढाच्या पायथ्याशी वीस जार घेऊन गेले. जैसे थे. पण आवाजात आत्मविश्वास वाढलाय. गाडीच्या.

१२ फेब्रुवारी

मुलीचा फोन. म्हणाली, आई, काका सांगत होते तू गाडीला साबण लावतेस. काय चाललंय? मी म्हटलं, अभ्यास. म्हणाली, बाबांची आठवण येते का तुला? मी म्हटलं, त्यांची कसली आठवण, स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या एका पायाचं रबर गेलंय, आणतो म्हणून तीन वर्षं घातली, रोज ते डुगडुगतं तेव्हा येते आठवण.

ती हसली. मग तिचा आवाज तुटक येऊ लागला. रेंज नसावी.

१४ फेब्रुवारी

थंड हवा दाट असते. दाट हवा म्हणजे जास्त ताकद. नव्या गाड्यांत त्यासाठी इंटरकूलर असतो. आपल्यात नाही. मिस्तरी म्हणाले, बसवता येईल, पण कशाला? या ‘कशाला’नेच देश मागे राहतात.

मी ओला टॉवेल पाइपाला गुंडाळला. अर्ध्या वाटेत वास येऊ लागला. टॉवेल चांगला होता. फारसा जुनाही नव्हता.

१७ फेब्रुवारी

तिसरा आणि निर्णायक उपाय. पंपावर एक स्क्रू असतो. आत फिरवला की डिझेल जास्त जातं. मिस्तरींनी माझ्या आग्रहाखातर पाव फेरा दिला. म्हणाले, ताई, आता हात लावू नका. त्यांनी पाव दिला तर गरज एकाची असणार. घरी येऊन मी उरलेला दिला.

स्टार्टर मारला. मागून जो धूर निघाला, तो मी आयुष्यात पाहिला नव्हता. समोरच्या बाईंच्या दोरीवर पांढऱ्या चादरी होत्या. होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, अहो, तुमच्या घरात कोणी जाळपोळ करतंय का? मी म्हटलं, ट्यूनिंग करतेय. त्या म्हणाल्या, देवाशपथ, तुमचे ते होते तेव्हा एवढा त्रास नव्हता.

चादरी मी धुतल्या. सहा. मिस्तरींनी येऊन स्क्रू जागेवर आणला. पैसेही घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी

सत्य लिहायचं तर हे याच चढावर असे काही चालवायचे की बस. बसलाच ओव्हरटेक करायचे. तीन वर्षांपूर्वी मी शेजारी बसले होते आणि वळणावर यांनी बस मागे टाकली. समोरून ट्रक. वाचलो. मी तिथेच उतरले, घरापर्यंत चालत आले. अकरा दिवस अबोला धरला. पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही, असं मी म्हटलं, आणि हे असेपर्यंत ठेवला नाही. तीस वर्षं मी एकच सांगत होते, हळू चालवा. यांनी एकदाही ऐकलं नाही.

बाराव्या दिवशी हे आपणहून म्हणाले, गाडी म्हातारी झाली बघ, पळतच नाही हल्ली. मी म्हटलं, बरं झालं.

हे विषयाला सोडून झालं. गाडीचा दम नेमका कधी गेला याची ऐतिहासिक नोंद, म्हणून लिहिलं.

२४ फेब्रुवारी

चौथा उपाय, वजन घटवणे. स्टेपनी काढली. जॅक, टूलबॉक्स, मागची लोखंडी साखळी काढली. यांचा पाण्याचा थर्मास काढला, मग परत ठेवला. रिकामा आहे, वजन किती असणार.

अठ्ठावीसला नाश्ता करायचा नाही. तेवढेच दोनशे ग्रॅम.

२७ फेब्रुवारी

सगळी तयारी झाली. नवा फिल्टर, आवळलेले पाइप, घटवलेलं वजन, माझी जिद्द. भावजींना निरोप धाडला, सकाळी रुग्णालयाच्या गेटपाशी उभे राहा. उद्या तिसऱ्या गिअरमध्ये बघाल.

२८ फेब्रुवारी

चाळीस जार. पायथ्याशी तिसरा. पन्नास पावलांत दुसरा. रुग्णालयाच्या पाटीपाशी पहिला. पाय खाली टेकलेला, पूर्ण. गाडी कण्हत होती. एक नर्स पायी ड्यूटीला चालली होती. तिने मला ओव्हरटेक केलं. मागे वळून विचारलं, बरं वाटत नाहीये का? मला की गाडीला, कळलं नाही.

अर्ध्यावर बंद. हँडब्रेक. मागे अँब्युलन्सचा हॉर्न.

वीस जार रस्त्याच्या कडेला उतरवले. एकटीने. वीस वर नेले. परत खाली आले, उरलेले भरले, पुन्हा वर. आठ चाळीसला चाळीस पूर्ण. स्टोअरकीपरने सही केली. म्हणाला, नऊच्या आत आले ना, मग झालं. एका खेपेत आणा असं आम्ही कधी म्हटलं?

भावजी गेटपाशी उभे होते. मी म्हटलं, उद्या या किल्ली न्यायला.

हा निकाल मी तात्पुरता मानते. काय करायचं ते सुचत नाही.

१ मार्च

सकाळी भावजी आले. किल्ली दिली. देताना जरा वेळ लागला, काल वीस जार उचलून बोटं आखडली होती.

भावजींनी उशा काढल्या. म्हणाले, वहिनी, सीट पुढे का नाही घेतली? म्हटलं, पट्टी गंजलीय. त्यांनी खाली हात घालून दोन बोटांनी ओढली. सीट सरकली. गंज रात्रीत गेला असावा.

मग त्यांनी पायाखालची मॅट झटकायला उचलली. मी ओरडले. तोपर्यंत अंगणात माती पडली होती. यांच्या चपलेची माती.

भावजी म्हणाले, वहिनी, हे काय आहे?

ॲक्सिलरेटरच्या खाली, फरशीला दोन स्क्रूंनी घट्ट बसवलेला लाकडाचा ठोकळा. वर करड्या रंगाचं रबर. मी ते लगेच ओळखलं. आमच्या स्टुलाच्या पायाचं.

भावजींनी हाताने पेडल दाबलं. अर्ध्यावर टक्‌कन ठोकळ्याला टेकलं. ते आधी हसले. हसता हसता पायरीवर बसले. मग फोन लावला मिस्तरींना. मिस्तरी म्हणाले, हो, तीनेक वर्षं झाली, साहेब ड्रिल मागून घेऊन गेले होते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, घरची ऑर्डर आहे.

भावजींनी ठोकळ्यावरचं रबर अंगठ्याने दाबून पाहिलं. म्हणाले, वहिनी, जन्मभर मी दादाचा भाऊ. माझं एक कधी ऐकलं नाही त्याने.

किल्ली त्यांनी थर्मासच्या बाजूला ठेवली आणि चालत घरी गेले.

पुस्तक उघडलं. पहिलं प्रकरण, पहिलं वाक्य: इंजिनाला दोष देण्याआधी पेडल पूर्ण खाली जातं का, ते पाहा. पुस्तक उद्या परत करायचं आहे.

आज बाकी काही केलं नाही. अंगणातली माती झाडली नाही. वारा नव्हता, म्हणून राहिली.

३ मार्च

ठोकळा काढला. चाळीस जार भरले. चढ. तिसरा गिअर. पाय पूर्ण खाली, आता खरंच पूर्ण. पाठीत सीटने धक्का दिला. बावीस वर्षांची गाडी वाघिणीसारखी निघाली. नर्स केव्हाच मागे पडली. त्या वळणावर समोर बस होती, आणि माझा हात आपोआप उजवीकडे वळला.

कुणीतरी ओरडलं, अहो, हळू चालवा!

गाडीत मी एकटीच होते.

बसच्या मागे राहिले. वर पोचले. स्टोअरकीपर म्हणाला, आज लवकर? मी म्हटलं, गाडी सुधारली.

घरी आले. स्क्रूड्रायव्हर घेतला. ठोकळा होता तिथे, त्याच दोन भोकांत पुन्हा बसवला. डिझेल वाचतं. शिवाय नऊपर्यंत चाळीस जार न्यायचे, तर पावणेसातला निघून दोन खेपा आरामात होतात. हे तसंच करायचे. यात काही भावनिक नाही.

स्टुलाखाली कागदाची घडी घातली. तरी डुगडुगतं. डुगडुगू दे.