दार लाव, वाफ जातेय!

धाकटे,

आशीर्वाद शेवटी देते, तुझ्या कंबरेचंही मग विचारते, आधी हे ऐक. सगळ्यात आधी टपकला तो प्लंबर, त्याच्यामागे वायरमन. लेकाने माझ्या गुडघ्यांसाठी न्हाणीघरात वाफेची खोली करायला घेतली. (गुडघे माझे, फरशीचा रंग सूनबाईचा.) बाई गं, काय पाहिलं मी! दार काचेचं. आरपार! मग दार तरी कशाला? वर छत तिरकं. मी प्लंबरला म्हटलं, डोळे तपासून घे. तर म्हणतो, आजी, मुद्दाम उतार दिलाय, नाहीतर गार थेंब तुमच्या डोक्यावर. मी मान डोलावली. (माझं ऐकून घेणं किती टिकतं ते तुला ठाऊक आहे.)

दोघे बटण दाखवून गेले, लेक कामावर, सूनबाई बाजारात. मग मी काय मुहूर्त बघत बसू? सर्दी झाली की आपण वाफ कशी घेतो? डोक्यावरून पांघरूण घेऊन. तशीच घेतली. नेसत्या कपड्यांनिशी बाकावर बसले, पांढरी चादर डोक्यापासून पायापर्यंत ओढली, बटण दाबलं. अगं, काय सुख! फक्त वाफ इतकी दाटली की बटण कुठे तेच दिसेना, आणि मला तरी कुठे घाई होती.

तेवढ्यात सूनबाई आली. दार उघडते तर ढगातून पांढरं काहीतरी उठलं आणि खेकसलं, "दार लाव, वाफ जातेय!" ती अशी किंचाळली की वरचे, समोरचे, सगळे धावले. टोमॅटो पार जिन्यापर्यंत. आणि मी ओलीचिंब, चादरीत, चारचौघांत! लाजायचं सोडून मला हसूच आवरेना.

लेक मात्र हसला नाही. "आत चक्कर येऊन पडलीस तर, आई? एकटीने पाऊल टाकायचं नाही. दाराला बाहेरून कडी बसवतो, तुझा हात पोचणार नाही अशी उंच." ऐकलंस ना! खोली माझ्यासाठी आणि कडीही माझ्यासाठीच! सोबत कुणी असलं तर चालेल म्हणाला, पण इथे वेळ कुणाला आहे?

असो. आता घे आशीर्वाद. आणि कंबर कशी आहे गं?

तुझी अक्का

ता. क. गुडघ्यांना फरक काडीचा नाही. पण आत बोललेलं बाहेर कुणाला ऐकू जात नाही गं. आपण दोघी शेवटच्या पोटभर कधी बोललो? मी लेकाला सांगून टाकलंय, माझी सोबतीण येतेय.

आणखी एक : चादर तुझी आण, माझी सुनेने लपवली. तू आधी पोचलीस तर कडी टळेल. प्लंबर आणि वायरमन ती बसवायला गुरुवारी येतो म्हणालेत.