करडगीचं झाकण

नळदुर्ग, ज्येष्ठ, शके १८६८

शांताक्कांना मल्लिनाथाचा शरणार्थी नमस्कार.

करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी अडवलं म्हणून तुमच्या गौराच्या लग्नाला आलो नाही, असं तुम्हाला कळवलं होतं. ते खोटं. मी नाक्यापर्यंत गेलोच नव्हतो.

आपल्या अप्पांना माती दिली त्या दिवसापासून गळ्यातलं इष्टलिंग पडलं असेल, असं सारखं वाटायचं. मग करडगीचं चांदीचं झाकण उघडून बघायचो. लिंग जागेवर असायचं. चार पावलं गेलो की पुन्हा तेच. घरची म्हणायची, "आत्ताच बघितलं ना, किती वेळा बघता?" पण हात ऐकायचा नाही.

माघात बोरीच्या बंधाऱ्यावर असंच झाकण उघडलं आणि लिंग पाण्यात गेलं. बघितलं नसतं तर पडलं नसतं.

स्वामींकडून दुसरं घेता येतं, ठाऊक आहे. पण कसं पडलं, हे सांगायची लई लाज वाटते. लग्नात जेवणाआधी सगळे लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले असतील. मी हातात काय घेतलं असतं?

हे पत्रही मी धाडणार नाही, अक्का. करडगी अजून गळ्यात आहे. ती रिकामी आहे, हे मला एकट्यालाच माहीत. तरी एवढं लिहीपर्यंत सहा वेळा उघडून बघितली.

तुमचा धाकटा,
मल्लिनाथ