गोलसर कोपरा

प्रिय टिल्लू,

आता दारातून वाकून आत यावं लागतं तुला, तरी माझ्यासाठी टिल्लूच. तुझी निवड झाल्याचं आईकडून कळलं. माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच सरांकडे पीएचडी. बहीणभाऊ एका ठिकाणी, मला आता घोर नाही, असं ती म्हणाली. माझा घोर मात्र तेव्हापासून सुरू झाला.

इथलं काम तुला ठाऊक आहे. ट्रकचं चाक धरून ठेवणारा पोलादी भाग संगणकात उतरवायचा, त्याचे बारीक तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो ते काढायचं. सुरक्षित तिथे निळं, धोका तिथे लाल. सरांच्या मॉडेलवर माझ्याआधीचे तिघे डॉक्टर झाले, मीही डोळे झाकून त्याच वाटेने निघाले. मग वर्कशॉपमध्ये खरा भाग यंत्रावर चढवला, तर भेग पडली ती नेमकी निळ्या कोपऱ्यात. तिथले तुकडे आणखी बारीक केले, तर ताण वाढतच गेला, कुठे थांबेचना. वेड लागायची पाळी आली. शेवटी खऱ्या भागावरून बोट फिरवलं. कोपरा गोलसर होता, मॉडेलमध्ये मात्र टोकदार. तो गोल केला, आकडा स्थिरावला आणि भेगेच्या जागी लाल उमटलं. आनंदाने रडले रे मी.

सरांनी चित्र पाहिलं, माझ्यासाठी चहा मागवला आणि हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक म्हणाले. त्यांचे सगळे शोधनिबंध त्या टोकदार कोपऱ्यावर उभे आहेत. मी हो-नाही करत राहिले. तेव्हापासून माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर धूळ खातोय. भेटायला जावं तर त्यांची मीटिंग असते. माझ्यामागून आलेले नोकरीला लागले, मी अजून त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर. मला आता पदवीचं कौतुक उरलं नाही, फक्त इथून सुटायचंय. इतकं, की माझीच मला भीती वाटते.

कसली ते सांगते. परवा सर म्हणाले, तुझा भाऊ येऊन जुनंच मॉडेल पुढे नेणार असेल, तर त्याच दिवशी तुझ्या प्रबंधावर सही करतो. दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार नाही. सोमवारी ते मला समोर बसवून तुला फोन करायला लावणार आहेत. आणि मी करीन. ये म्हणेन. सर देवमाणूस आहेत म्हणेन, माझं अगदी छान चाललंय म्हणेन. लहानपणापासून तू माझं सगळं ऐकत आलास. सोमवारी ऐकू नकोस.

तुझीच,
या पत्रातली ताई