लाल दोऱ्याचा टॉवेल

आई,

तुझ्या नातीचं नाव आज मी त्या मोठ्या शाळेतून काढून आणलं. दाखला लिहिताना क्लार्कने विचारलं, "कारण काय घालू? बदली घालतो, सगळे तेच घालतात." म्हटलं, "आमची कुठं बदली झालेली नाही. पालकांची इच्छा, असं घाला." त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मीही बघितलं, आणि त्याने निमूट लिहिलं. तू जाऊन अठरा वर्षं झाली, नात काही तू बघितली नाहीस. सात वर्षांची आहे, दुसरीत. नाक तुझं आणि हट्ट माझा.

दिवाळीला पाहुणे आले होते. कुणीतरी सहज विचारलं, कितवीत गं तू? तर म्हणाली, "दुसरीत. मी स्लो आहे." आडनाव सांगावं इतक्या सरळ सांगितलं. पोह्याच्या बशा हातात घेऊन मी दारातच उभी राहिले. तिच्या वहीच्या पानापानावर लाल शाईत 'अपूर्ण' लिहिलेलं असायचं. मॅडम म्हणायच्या, वर्गात बावन्न मुलं आहेत, एकटीसाठी कसं थांबणार? त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा. पण सात वर्षांच्या पोरीला हे एवढंच पाठ झालं होतं, त्याचं काय करायचं?

त्या दिवशी मला तुझा कारखाना आठवला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला, टॉवेलचा. मे महिन्याची सुट्टी आहे, मी गठ्ठ्यांवर पाय हलवत बसले आहे. तू खिडकीजवळच्या टेबलाशी एकेक टॉवेल उजेडात धरतेस, तळवा फिरवतेस, उलटा करून परत फिरवतेस. दोष सापडला की कोपऱ्याला लाल दोरा बांधायचा, तो माल सेकंडमध्ये, कमी भावाच्या ढिगात. एकदा ओळीने पाच-सहा टॉवेलांत एकाच जागी रेघ आली. मागावरचा माणूस तेलुगूत सुताला शिव्या घालत होता. तू तरातरा गेलीस, माग बंद करायला लावलास, आणि धागे वेगळे ठेवणारी ती लोखंडी फणी बोटाने चाचपलीस. "सुताला कशाला बोल लावतोस? तुज्या फणीचा दात वाकलाय की! सूत बिचारं काय करंल?" मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "दोष दिसला की आदी माग बघावा, मग सूत." मला तेव्हा त्याचं काही नव्हतं, माझा डोळा तुझ्या डब्यातल्या शेंगा चटणीवर होता.

तर मी माग बघायला निघाले. तीन महिने शाळा बघत हिंडले. काचेच्या दारांच्या, एसी बसच्या, सगळ्या. शेवटी सापडली ती एका जुन्या बैठ्या घरात भरणारी शाळा. पहिली ते चौथी मिळून अडतीस मुलं, चार बाई आणि अंगणात एक चिंच. पुढून दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही हे तुझ्याकडूनच शिकले, म्हणून तिथं न सांगता तीनदा गेले. मान्यतेचा कागद बघितला, संडास बघितले, मुलांच्या वह्या मागच्या पानापासून चाळल्या. एक पोरगी वजाबाकीसाठी चिंचोके मांडून बसली होती, चुकत होती, परत मांडत होती. मोठ्या बाई शेजारी नुसत्या बसून होत्या. मला वाटलं, सांगून टाका की हो एकदाचं! पण त्यांनी सांगितलं नाही. घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत. मग त्यांनी मला विचारलं, "तुमची मुलगी घरी वेळेचं भान विसरून काय करते?" आई, ते मी कधी बघितलंच नव्हतं. तिचे मार्क मला तोंडपाठ होते. चौथ्यांदा तिला घेऊन गेले. तिने बाईंना आधीच सांगून टाकलं, "मी स्लो आहे. चालेल?" बाई म्हणाल्या, "कशात?" ती म्हणाली, "माहीत नाही." "मग आपण बघू की," बाई म्हणाल्या.

घरी रणकंदन झालं. सासूबाई म्हणाल्या, "चांगली शाळा सोडून कुठं त्या खोपट्यात घालतीस? लोक हसतील की." हे म्हणाले, "चौथीनंतर काय करणार?" मी म्हटलं, चौथीनंतरचं चौथीनंतर बघू, आधी पोरगी चौथीपर्यंत शाबूत पोचू दे. हसणाऱ्यांचे दात दिसतील, दुसरं काय होणार? तिसऱ्या दिवशी हेच स्वतःच्या पायाने ती शाळा बघून आले आणि जेवताना एवढंच म्हणाले, "चिंच चांगली आहे."

त्या शाळेत हात पुसायला घरून एक टॉवेल न्यावा लागतो. म्हणून आज कपाटातून तू दिलेला तो टॉवेल काढला. आठवतो ना? मी चौथीत होते. मास्तरांनी तुला बोलावून घेतलं होतं, तू अर्ध्या पाळीतून आलीस, केसांत कापसाचे तंतू तसेच. ते म्हणाले, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. आणि तू मला तिथंच, वर्गाच्या दारात, सगळ्यांसमोर मारलंस. एका रेघेसाठी माग थांबवणारी तू, मास्तरांना एक प्रश्न विचारला नाहीस. मला ते आजवर गिळता आलेलं नाही, खरं सांगते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू तो टॉवेल माझ्या मांडीवर टाकलास. म्हणालीस, "लाल दोरा चुकून बांदला गं. टावेल चांगला हाय." मी फुरंगटून म्हटलं, "मग तोड की." तू म्हणालीस, "तूच तोड." मी नाही तोडला. तुझ्यावर राग होता.

आज तो खिडकीशी धरला. तळवा फिरवला, उलटा केला, परत फिरवला. कुठं गाठ नाही, रेघ नाही, सुटलेला धागा नाही. आई, तुझ्या हातून असला दोरा चुकून कधीच बांधला गेला नव्हता. तू माफी मागत होतीस, आणि मी सव्वीस वर्षं तो टॉवेल घडी घालून ठेवला होता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहिते. मॅडमनी पहिल्यांदा 'स्लो' म्हटलं ना, त्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर मीही हिला थोबाडीत मारली. काही न विचारता. घरात कुणालाच हे ठाऊक नाही. तिने गाल झाकला आणि गुपचूप गाडीवर मागं बसली. मघाशी ती कात्री घेऊन आली होती, "आई, हा दोरा तोडू?" म्हणून. मी म्हटलं, उद्या. उद्या शाळेच्या दारात आधी तिची माफी मागणार आहे, तोंडाने, तिला कळेल अशी. मगच तिच्या हातात कात्री देणार. कशी मागायची ते मला येत नाही, आई. आपल्या घरात ती कुणी मागितलेली मी ऐकलीच नाही.