तिसऱ्या बिछान्यावरचे दोघे

मी, एगर्ट टामझेन, वय पासष्ट, निवृत्त डिझेल मेकॅनिक, राहणार आर्निस, श्लाई खाडीच्या काठी, आज सकाळची कॉफी पिऊन, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकानं नाही की आग्रहानं नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. याआधी रागाच्या भरात लिहिलेली दोन मृत्युपत्रं मी शेगडीत घातली आहेत. ती कोणी शोधत बसू नये.

कलम १. पान्यांचा संच, शिकंजा आणि वंगणाचे डबे बोटयार्डातल्या वीबके येसेनला. ती इंजिनांना शिव्या घालते, पण इंजिनं तिचं ऐकतात.

कलम २. ईल माशांना धुरी देण्याचं पिंप शेजारच्या हिनर्कला. तसंही ते कित्येक वर्षं त्याच्याच अंगणात पडून आहे. विचारलं की म्हणतो, "उद्या आणून देतो रे!" आता नको आणूस बाबा.

कलम ३. माझा थर्मामीटर श्री. ओटोकार ब्रेम, अध्यक्ष, पाणबुडी सोबती मंडळ, यांना. ताप कशाला म्हणतात ते त्यांना एकदा तरी कळावं. याचं कारण सांगायचं तर बोटीची हकिगत सांगावी लागेल. ब्रेमसाहेबांनी मंडळाच्या पुस्तकात ती छापली आहेच, पण खोटी.

किनाऱ्यालगत चालणारी छोटी पाणबुडी होती ती. आम्ही तिला होडगं म्हणायचो. आधी बाल्टिकमध्ये नवशिक्यांना बुडायला आणि वर यायला शिकवायची. मग काळ्या समुद्रात बोटी हव्या झाल्या, आणि तिकडे जायची समुद्राची वाट तुर्कांनी बंद ठेवलेली. म्हणून तिचा मनोरा कापला, उरलेलं धड चाकांच्या गाड्यावर आडवं घातलं आणि रस्त्यानं डॅन्यूब नदीपर्यंत ओढत नेलं. आम्ही इंजिनवाले बरोबर चालत होतो. बव्हेरियातल्या एका गावात एक आजी फाटकापाशी येऊन विचारते, "काय रे पोरांनो, एवढी मोठी टाकी कसली?" आल्विन क्रूश टोपी काढून म्हणाला, "बिअरची, आजी! पण भरायलाच विसरले बघा." म्हातारी हसून हसून खोकायला लागली.

हा आल्विन आणि मी, आमचा बिछाना एकच. बोटीत जागाच तेवढी. एक पाळीवर गेला की दुसऱ्यानं त्याच्या उबेत शिरायचं. झोपलेल्याला हाक मारायची नाही, पायाचा अंगठा धरून उठवायचं, ही आमची रीत. हजेरीसुद्धा बिछान्यावारी व्हायची आणि जो जागा असेल तोच दोघांची द्यायचा. "तिसरा बिछाना?" "दोन्ही हजर!"

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्याअखेर रुमानिया फिरून शत्रूला मिळाला, आमचं बंदर गेलं, डिझेल संपत आलं. बोट तुर्की किनाऱ्यासमोर आपल्याच हातानं बुडवायची असं ठरलं. मी तापानं फणफणलो होतो. स्वयंपाक्यानं मला घोंगडीत गुंडाळून पहिल्याच रबरी होडीत टाकलं. आल्विन तेव्हा इंजिनापाशी होता, त्यानं ते पाहिलं नाही. तो वर आला तेव्हा ब्रेम, बोटीवरचे आमचे अधिकारी, हजेरी घेत होते. "तिसरा बिछाना?" आल्विन सवयीनं म्हणाला, "दोन्ही हजर!" मग त्यानं इकडे तिकडे पाहिलं. मी डेकवर कुठेच नव्हतो. बाकीचे घाईनं होड्यांत उतरत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो झाकण उघडून खाली उतरला. मला उठवायला. मी होडीतून ओरडायला गेलो, पण तापानं आवाजच फुटेना. सुरुंगाची वात आधीच पेटवलेली होती.

किनाऱ्यावर एक माणूस कमी भरला. मी सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. ब्रेम म्हणाले, "तापात बरळतोय हा. क्रूशनं हजेरी दिलीय, मी स्वतः ऐकलंय. पळाला असेल डोंगरात." पुस्तकातही तेच छापलंय: मनुष्यहानी नाही, एक फरारी. देवा रे! जो मला उठवायला गेला, तो फरारी!

अजूनही रोज पहाटे कोणीतरी माझा अंगठा धरतं. मी उठतो आणि अंथरूण मोकळं करून खुर्चीत बसतो. डॉक्टरीण बाई म्हणतात, रक्ताभिसरण. असेल. पण मी भितो, हे इथे सरळ लिहितो. त्याला घटकाभर पाठ टेकू द्यावी एवढंच मनात येतं.

कलम ४. माझी राख बाल्टिकमध्ये सोडावी. भाषणं नकोत. ब्रेम आले तर त्यांना काठावरच उभं करावं.

कलम ५. घर, बागेसकट आणि बँकेत असेल त्यासकट, माझी बायको ट्रूडे हिला. ती आल्विनची सख्खी बहीण. तुर्कांनी नजरकैदेतून सोडल्यावर मी तिला शोधत इथे आलो तो एकाच कामासाठी. कोर्टात अर्ज करून तिनं भावाला मृत ठरवून घ्यावं, म्हणजे फरारी हा डाग पुसला जाईल. असा अर्ज करू शकेल असं रक्ताच्या नात्यातलं दुसरं कोणी उरलेलं नाही. तिनं तेव्हा अर्ज बाजूला सारला आणि म्हणाली, "जिवंत आहे तो. आधी सूप घे." मग लग्न झालं, केस पिकले, अर्ज तसाच. म्हणून घर तिला एका अटीवर, की तिनं त्या अर्जावर सही

इथे लिहिणं थांबलं. ट्रूडे बटाटे सोलता सोलता मागे येऊन उभी होती.

"अट घालतोस? मला?"

"मग काय करू? मी गेल्यावर त्याच्यासाठी भांडणारं कोण आहे?"

"अरे म्हाताऱ्या, तो गेलाय हे मला माहीत नाही होय? तू दारात उभा राहिलास तेव्हाच कळलं मला. तुझं तोंडच सांगत होतं."

"आणि तरीही सही नाही केलीस? त्याला फरारी म्हणू दिलंस?"

ती खाली बसली. ट्रूडेला रडताना मी फार थोड्या वेळा पाहिलंय. म्हणाली, "तुझं तेवढंच काम होतं इथे. सही दिली असती तर दुसऱ्या दिवशी गाडी धरली असतीस. आधी वाटलं, आठवडाभर राहू दे. मग तू जाशील ही भीती काही गेली नाही. आल्विनची गुन्हेगार आहे मी, एगर्ट. दे इकडे तो कागद."

ओल्या हातांनी तिनं सही केली. मी पेन पुन्हा उचललं. आता लिहितो.

कलम ५ मधली अट रद्द. घर ट्रूडेचं.

कलम ६. मी कुठेही गेलो नसतो. या कलमाला कसलीही अट नाही.

सही: एगर्ट टामझेन
आर्निस, ११ नोव्हेंबर १९८६

वरील सही आमच्यासमोर झाली. लिहिणारा शुद्धीत होता, आणि रडत होता.
साक्षीदार: डॉ. इंगेलोरे टाम्स
साक्षीदार: हाराल्ड क्लाउझन, बेकरीवाले